मोजदाद

डिसेंबर अर्धा संपला तरी दिवाडी बेटावर थंडी नव्हती.
मग आज सकाळी फेरीबोटीच्या कठड्यावर हात ठेवला
आणि चटका बसावा तसा उचलला.
घरी येऊन सांगितलं, आली.
कोण आली, ते कुणी विचारलं नाही.

इनासने पेटारा उघडला.
घरातला एकुलता एक स्वेटर निघाला, डांबरगोळ्यांच्या वासासकट,
आणि त्याच्याखाली दिव्यांची माळ.
बाजारातली नव्हे;
पाय फेरीवर कामाला होते तेव्हा
रात्रपाळीत बसून, टॉर्चचे बल्ब डाख देऊन जोडलेली.

इथे बापाला पाय म्हणतात.
बारा वर्षं झाली मला वसईहून येऊन,
अजून हसू येतं.
गुडघे गेले तरी पाय शिडीवर.
पाय ऐकत नाहीत.
पायांना चहा दिला का कुणी?

बल्कांवभर माळ पसरली, प्लग लावला.
काळोख.
जुनी जोडणी आहे ती, एक रुसला की सगळे रुसतात.
आधी मोजा, पाय म्हणाले, चाळीस आहेत.

मोजले.
पाय पोर्तुगीजमध्ये,
लहानपणी छड्यांबरोबर शिकलेले आकडे,
विसाशी अडखळले की पुन्हा उंपासून.
इनास कोकणीत, भराभर, बांगडे मोजावेत तसे.
झेलिया इंग्रजीत, आणि तेरा गाळून,
कारण तेरा वाईट असतो
असं तिला वर्गातल्या कुणीतरी सांगितलंय.
मी मराठीत.
सासरी येऊन माझी प्रार्थना बदलली,
कालवणातलं आंबट बदललं,
हिशेब मात्र माहेरच्याच भाषेत होतो.

इनासचे एक्केचाळीस भरले.
झेलियाचे चाळीस.
बघा, पोरीला कळतं, पाय म्हणाले.
माझे एकोणचाळीस.
कुळकुळांचं पीठ लागलेल्या बोटाने
मी पुन्हा मोजले, पुन्हा एकोणचाळीस.
पाय अंगणाकडे बघत बसले.

सत्ताविसाव्या जागी काळी टेप गुंडाळलेली.
टेपखाली रिकामी खोबण.
इनासने बापाकडे पाहिलं,
बापाने शिडीकडे.
टॉर्चचा गेला होता, ते म्हणाले.
मानकुरादाला मोहर येतोय,
रात्री धुकं उतरलं की जळून जाईल,
बघायला नको?
दुकानात मिळतो की, दहा रुपयांना.
दुकान बंद होतं.
केव्हा?
गेल्या वर्षी.

इनासने दोन तारा पिळून एक केल्या.
लागली.
एकोणचाळीस जण, किंचित जास्तच लख्ख,
गैरहजराचा वाटा आपसात घेतल्यासारखे.
झेलियाने कागदी नक्षत्र उंच धरलं.
स्वेटरच्या बाह्या तिच्या बोटांच्याही पुढे लोंबत होत्या,
नक्षत्र जणू लोकरीच्याच हातात.
जरा डावीकडे, मी म्हटलं.
उजवीकडे, पाय म्हणाले.
इनासने मधोमध ठोकला खिळा, थोडा तिरका.

शेवटच्या फेरीचा भोंगा वाजून गेला
तेव्हा मी माळ बंद करायला बाहेर आले.
पायऱ्या दवाने ओल्या.
नदीकडून धुकं येत होतं,
शेजारच्या रताळ्यांच्या वाफ्यांवर थांबत थांबत,
ओळखीच्या घरी चौकशी करत यावं तसं.
आणि आंब्याखाली एक पिवळा ठिपका
फांदीवरून फांदीवर सरकत होता,
एखाद्या डहाळीशी बराच वेळ थबकत.

चाळीस, मी मनात म्हटलं.
बटणावरचा हात काढून घेतला.

पाय, स्वेटर घातलाय ना? मी ओरडले.
ठिपका हलला.
झेलियाने घातलाय, काळोखातून उत्तर आलं.